फायरबॉलमध्ये म्होरक्या मेला, कागद शाबूत! डीएम म्हणून 9 महिन्यांचा अनुभव

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर फासे टाकून, पात्रं घेऊन खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीवर आमचं कॅम्पेन (सलग चालणारी गोष्ट) गेले 9 महिने चालू आहे. डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि नियमांचा निवाडा करणारा डंजन मास्टर, मीच. नवीन पुस्तकं घेतलेली नाहीत. 2023 मध्ये मूळ नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली मोकळा झाला, तेवढ्यावर भागतंय. सुरुवातीचे चार महिने मी या नियमांवर बेहद्द खूश होतो. मग बोगद्यातली ती लढाई झाली.

टोळीच्या म्होरक्याकडे एक नकाशा होता, साधा कागदी, कमरेच्या कातडी पिशवीत. जादूगाराचं पात्र खेळणाऱ्या आमच्या मैत्रिणीने टोळीच्या मधोमध फायरबॉल, म्हणजे आगीच्या गोळ्याचा स्पेल (मंत्र), टाकला. 8 फासे, बेरीज 31. म्होरक्या जागीच गेला, कोपऱ्यातल्या गवताच्या गाद्या पेटल्या, खोकी पेटली. नकाशाला मात्र धगही लागली नाही. नियम असा की जे कुणी अंगावर घातलेलं किंवा जवळ बाळगलेलं नाही, तेवढंच पेटतं. आमचा फायटर (योद्ध्याचं पात्र खेळणारा) म्हणाला, "मग तेलाचे बुधले कमरेला बांधले की तेही सुरक्षित?" नियमाप्रमाणे हो. तिथे खेळ थांबला आणि पाऊण तास वाद झाला. मला मनापासून वाईट वाटलं, कारण वाद घालणारे सगळेच बरोबर होते.

मला हे इतकं का लागलं ते सांगतो. या स्पेलचं साहित्य काय, तर वटवाघळाची विष्ठा आणि गंधक. त्या विष्ठेपासून सोरा मिळतो. सोरा, गंधक आणि कोळसा मिळून बंदुकीची दारू होते. म्हणजे ज्याने हे लिहिलं त्याच्या डोळ्यांसमोर खरा जाळ होता. साहित्य निवडताना एवढा विचार करायचा आणि तो जाळ माणसाच्या झग्यापाशी आला की थांबवायचा, हे मला पटेना.

मग एका मित्राकडून 1979 सालचं अ‍ॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्सचं डंजन मास्टर्स गाइड वाचायला आणलं. त्यात वस्तूंच्या सेव्हिंग थ्रोचा, म्हणजे माऱ्यातून वाचण्यासाठी टाकायच्या फाशाचा (थोडक्यात 'सेव्ह'), अख्खा तक्ता आहे. कापड, कातडं, काच, हाड, कागद, लाकूड असे पदार्थ एका बाजूला आणि आम्ल, तडाखा, फायरबॉल, वीज, गारठा असे मारे दुसऱ्या बाजूला. तक्ता बघून मी हरखलो आणि दुसऱ्याच सेशनला लागू केला. शिवाय जुन्या पद्धतीने आग जागेच्या आकारात पसरू दिली. 20 फूट त्रिज्येच्या गोळ्याचं घनफळ साधारण 33,500 घनफूट भरतं. 10 फूट रुंद आणि 10 फूट उंच बोगद्यात ते कोंबलं तर जाळ 335 फूट लांब पसरतो! पहिल्याच वेळी आमची अर्धी पार्टी (खेळाडूंच्या पात्रांचा चमू) स्वतःच्याच आगीत सापडली. तेव्हापासून स्पेल टाकण्याआधी लोक छत किती उंच आहे ते विचारायला लागले.

तरीही तक्ता टिकला नाही. 12 गॉब्लिन (छोटे राक्षस), प्रत्येकाकडे ढाल, भाता, पिशवी, पांघरूण. एका फायरबॉलनंतर मी अर्धा तास नुसते फासे टाकत बसलो आणि टेबलावरचे सगळे फोन बाहेर आले. पाचव्या आवृत्तीने ही भानगड का छाटली ते त्या दिवशी कळलं, आणि आधीची माझी चिडचिड थोडी अन्यायाची होती हेही.

खरा उलगडा मात्र त्याच मैत्रिणीने केला. स्पेलचा कालावधी 'इन्स्टंटेनियस' लिहिलाय, म्हणजे क्षणभराचा जाळ. मेणबत्तीच्या ज्योतीतून बोट झर्रकन फिरवलं तर भाजत नाही. जाड कातड्याच्या आत कागद पेटायच्या तापमानाला पोचायला वेळ लागतो, तेवढा वेळ ही आग थांबतच नाही. त्यामुळे पिशवीतला नकाशा वाचणं अगदी शक्य आहे. मग केस, झगा, बाणांची पिसं कशी वाचतात? तिथे नियम अजूनही चूक आहे, यावर मी ठाम आहे.

गेले दोन महिने आमचा घरगुती नियम असा: कॅरॅक्टर शीटवर (पात्राच्या नोंदींच्या कागदावर) सामानाचे दोन रकाने, 'वर' आणि 'आत'. सेव्ह हुकला तर 'वर'च्या रकान्यातली एकच वस्तू जाते, तीही सगळ्यात लवकर पेटणारी. 'आत'ला हात लावायचा नाही. वेगळा फासा नाही, वाद नाही.

बाकी सामानाबद्दल थोडक्यात. लाँगसोर्ड 3 पौंड, हे वजन खऱ्या तलवारींशी जुळतं. प्लेट चिलखत 65 पौंड, म्हणजे साडेएकोणतीस किलो. खरी लढाईची चिलखतं साधारण 15 ते 25 किलोंची असत. पण ते चढवायला 10 मिनिटं लागतात हा नियम उत्तम आहे. रात्रीच्या छाप्यात आमचा पॅलाडिन (धर्मयोद्धा) नुसत्या सदऱ्यावर लढला, ते सेशन कुणीच विसरणार नाही. स्टडेड लेदर (खिळे ठोकलेलं कातडी चिलखत) बहुधा ब्रिगँडाइन या आतून पोलादी पट्ट्या लावलेल्या चिलखताच्या जुन्या चित्रांवरून झालेली गफलत आहे: बाहेर रिव्हेट दिसतात, आतल्या पोलादी पट्ट्या दिसत नाहीत. आणि लाँगबो (लांब धनुष्य) ताकदीवर नाही तर डेक्स्टेरिटीवर (चपळाईवर) चालतो हे मला कधीच पटणार नाही. 1545 मध्ये बुडालेल्या मेरी रोझ जहाजावर सापडलेली बहुतेक धनुष्यं ओढायला 100 ते 185 पौंड जोर लागत असावा, असा अंदाज आहे. ती ताकदीची कामं.

सर्वांत आवडलेला नियम अगदी किरकोळ वाटेल असा आहे. लढाईनंतर एक मिनिट शोधलं की मारलेल्या बाणांपैकी अर्धे परत मिळतात. मी मुळातच हिशेबी माणूस, माझे खेळाडूही तसेच झालेत. गेल्या सेशनला शत्रूच्या जादूगाराचा फायरबॉल आला, आमच्या तिरंदाजाचा सेव्ह हुकला आणि भात्यातल्या 14 बाणांची पिसं जळली. काड्या शाबूत, टोकं शाबूत. तो आता वाटेत दिसलेल्या प्रत्येक बदकाकडे बघतोय, आणि एका मुक्कामात किती बाणांना नवी पिसं बसवता येतील ते मला शनिवारपर्यंत ठरवायचंय.