रीपरचा आवाज यूट्यूब लाइव्हमध्ये: काही महिने वापरून झाल्यावर

आमची खोली सोलापूरच्या पूर्व भागात. शेजारी यंत्रमाग, त्यामुळे मोबाइलच्या माइकवर भजनाचं लाइव्ह करायचं म्हटलं की अभंगापेक्षा मागाचा खडखडाटच जास्त ऐकू जायचा. म्हणून गळ्याला, पेटीला आणि पखवाजाच्या दोन्ही तोंडांना जवळून माइक लावले. चारही माइक इंटरफेसमधून (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) रीपर या आवाज रेकॉर्ड आणि मिक्स करायच्या प्रोग्रॅममध्ये येतात, तिथे आवाज नीट करायला ईक्यू, कॉम्प्रेसर आणि थोडा रिव्हर्ब लागतो. इथवर काहीच अवघड नाही. खरी अडचण पुढची: हा तयार आवाज ओबीएसपर्यंत, म्हणजे यूट्यूबला लाइव्ह पाठवणाऱ्या प्रोग्रॅमपर्यंत, न्यायचा कसा?

विंडोजवर माझं रीपर एएसआयओ ड्रायव्हरने (इंटरफेसशी थेट, कमी उशिरात बोलणारा) चालतं, आणि तो ड्रायव्हर विंडोजच्या नेहमीच्या आवाजाच्या वाटेला बगल देतो. ओबीएस 28 पासून एखाद्या प्रोग्रॅमचाच आवाज पकडायची सोय आली. पण तीही विंडोजच्याच वाटेवर कान लावून बसते, त्यामुळे एएसआयओवरचं रीपर तिला ऐकूच येत नाही.

व्हर्च्युअल केबल, म्हणजे एका प्रोग्रॅमचा आवाज दुसऱ्यात नेणारं सॉफ्टवेअर, बरेच जण सुचवतात. ती चालते, पण तासाभराच्या कार्यक्रमात मधेच 'टक्' असा आवाज यायचा. कारण घड्याळाचं आहे. इंटरफेसचं क्लॉक (आवाजाचा वेग ठरवणारं घड्याळ) वेगळं, केबलचं वेगळं. दोघांत दहा लाखांत फक्त 50 चा फरक धरला तरी तासाभरात 180 मिलिसेकंदांचं अंतर पडतं. ते भरून काढायला कुठेतरी सॅम्पल, म्हणजे आवाजाचे बारीक तुकडे, गाळावे किंवा वाढवावे लागतात. बोलण्यात ते खपून जातं, पेटीच्या लांब सुरात लगेच कानाला टोचतं.

त्यानंतर रीस्ट्रीम वापरलं. रीपर बनवणाऱ्या कॉकॉसचंच हे फुकट प्लगइन. रीपरच्या मास्टरवर (सगळे माइक एकत्र होतात तिथे) ते 'सेंड'वर ठेवायचं, ओबीएसमध्ये एखाद्या ऑडिओ सोर्सवर व्हीएसटी फिल्टर म्हणून 'रिसीव्ह'वर, आणि दोन्हीकडे एकच नाव द्यायचं. फायरवॉलने अडवलं तर परवानगी द्यावी लागते. ज्यांच्या इंटरफेसला लूपबॅक (बाहेर जाणारा आवाज पुन्हा आत वळवायची सोय) नाही, त्यांना मी आजही हेच सांगेन.

माझ्याकडे आता लूपबॅक असलेला इंटरफेस आहे आणि मी तिथेच थांबलोय. रीपरचा आवाज इंटरफेसमध्ये जातो, तिथूनच वळून इनपुट बनतो आणि ओबीएस तो साध्या ऑडिओ इनपुटसारखा घेतं. जाताना आणि येताना क्लॉक एकच. हाच त्याचा मोठा गुण. सॅम्पल रेट मात्र सगळीकडे 48 किलोहर्ट्झच ठेवा. ओबीएसमधला 'डेस्कटॉप ऑडिओ' बंद करा, नाहीतर विंडोजवर वाजणारा आवाज दोनदा जाऊन पोकळ, डब्यात गायल्यासारखा होतो. लूपबॅकमध्ये विंडोजच्या सूचनांचा टिंगटिंगाटही येतो, तेव्हा सूचना आधीच बंद केलेल्या बऱ्या.

ओबीएसच्या नॉइज सप्रेशनबद्दल (मागचा गोंगाट कमी करणारं फिल्टर) मला कळकळीने सांगायचंय. संगीताच्या सोर्सवर ते लावू नका. ते माणसाच्या बोलण्यासाठी बनवलंय. तानपुऱ्यासारखा अखंड चालणारा नाद त्याला पंख्याच्या घरघरीसारखाच वाटतो, आणि ते तो हळूहळू खाऊन टाकतं. आमच्याकडे 'जय जय रामकृष्ण हरी' सुरू होताच तानपुरा विरून जायचा आणि गजर संपल्यावर परत वर यायचा. मागाचा आवाज कमी करायचा असेल तर माइक आणखी जवळ घ्या.

चित्र आणि आवाज जुळवणं हे वेगळं काम. वेबकॅमचं चित्र उशिरा पोहोचतं, म्हणून पखवाजावर हात पडलेला दिसण्याआधीच थाप ऐकू येते. आधी कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवून रेकॉर्ड करतो आणि फ्रेम मोजतो. 30 फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे साधारण 33 मिलिसेकंद. तीन फ्रेमचा फरक दिसला की ओबीएसच्या प्रगत ऑडिओ सेटिंगमध्ये सिंक ऑफसेटला 100 लिहितो. कॅमेरा बदलला की हे पुन्हा.

पखवाज वाजवणारे मामा हेडफोनवर स्वतःची थाप ऐकतात, म्हणून रीपरचा बफर (एका वेळी हाताळायचा आवाजाचा तुकडा; लहान असला की उशीर कमी) 128 सॅम्पलवर ठेवलाय. 48 किलोहर्ट्झला ते तीन मिलिसेकंदांच्याही आत बसतं. जाता-येता मिळून उशीर त्याहून जास्त होतो, पण त्यांच्या हाताला तो जाणवत नाही. प्लगइन वाढवले की जुना लॅपटॉप धापा टाकायला लागतो, तेव्हा 256 करतो आणि रिव्हर्ब हलका घेतो.

ओबीएसमध्ये रेकॉर्डिंगसाठी सहा ऑडिओ ट्रॅक मिळतात. निवेदनाचा माइक रीपरमधून न नेता थेट ओबीएसमध्ये घेतलाय आणि त्याला वेगळा ट्रॅक दिलाय. त्यामुळे कार्यक्रमानंतर घोषणा काढून नुसते अभंग पुण्याच्या आणि हैदराबादच्या नातेवाइकांना पाठवता येतात.