कॉइलचं रीडिंग नाचतंय: मॉडची स्क्रीन, ओम मीटर की मल्टिमीटर, भरवसा कुणावर ठेवायचा

व्हेपच्या (ई-सिगारेटच्या) अ‍ॅटोमायझरमध्ये, म्हणजे वाफ बनते त्या वरच्या भागात, तारेची कॉइल बसवली तेव्हा रेझिस्टन्सचं रीडिंग ०.३४ ओम होतं, टाकी भरून परत लावली तर ०.४१, जरा पिरगळली की ०.३६ आणि मग मॉडवर, म्हणजे खालच्या बॅटरीच्या डब्यावर, मध्येच ‘चेक अ‍ॅटोमायझर’. अशा वेळी बहुतेक जण सरळ कॉइल काढून नवी बांधायला घेतात. मीपण तेच करायचो. एका आरटीएवर (हाताने कॉइल बांधायच्या टाकीवर) मी लागोपाठ तीन वेळा कॉइल बदलली, वायर बदलली, कापूस बदलला, तरी रीडिंग हलायचंच, आणि शेवटी सापडलं काय तर खालची ५१० ची (मॉडला जोडणाऱ्या आट्यांच्या सांध्याची) मधली पिन लूज होती. त्या अ‍ॅटोमायझरमध्ये पॉझिटिव्ह पोस्ट (कॉइलची वायर पकडणारा खांब) त्याच पिनने खालून धरलेली होती, म्हणजे वर मी कॉइल कितीही छान बांधली तरी खालचा पायाच हलत होता. अर्धा फेरा घट्ट केली आणि प्रकरण संपलं.

म्हणून माझं म्हणणं असंय की नवी वायर कापायच्या आधी नक्की काय हलतंय ते शोधा, कॉइल, अ‍ॅटोमायझर का मॉड. ते शोधायला साधनं तीन: मॉडची स्वतःची स्क्रीन, ५१० वाला वेगळा ओम मीटर, आणि साधा मल्टिमीटर. कुठलं घ्यावं किंवा आहे त्यावर भागवावं का, हा प्रश्न असेल तर तिघांचं काम वेगवेगळं आहे हे आधी लक्षात घ्या.

एक गोष्ट अगोदर. ०.०१ इकडेतिकडे झालं तर सोडून द्या, तेवढं चालतं. त्याच्यापुढे गेलं तर आकडा कुठल्या दिशेने पळतोय ते बघा, कारण अर्धं निदान तिथेच होतं. वर चढत असेल तर कुठेतरी पकड सैल आहे किंवा मळ आहे. खाली पडत असेल तर कुठेतरी शिवतंय, लेग (कॉइलचं टोक) डेकला (पोस्ट बसवलेल्या तळाला) किंवा कॉइल टोपीला, आणि तेव्हा फायर दाबायचं नाही, आधी उघडून बघायचं. दोन कॉइल असतील आणि रीडिंग ०.४ वरून एकदम ०.८ झालं तर एका कॉइलचा लेग सुटलाय, दुसरं काही शोधत बसू नका.

मॉडची स्क्रीन

हिचा फायदा उघड आहे, ती आहेच तुमच्याकडे. मॉड बारीकसा करंट सोडून रेझिस्टन्स मोजतो, आणि त्या मोजमापात फक्त कॉइल येत नाही तर पोस्टचे स्क्रू, मधली पिन, ५१० चे आटे, सगळं एकत्र येतं. त्यामुळे आकडा हलला तर ह्यातलं नेमकं कोण हललं हे स्क्रीन सांगू शकत नाही. शिवाय बरेचसे मॉड अ‍ॅटोमायझर लावल्यावर किंवा फायर दाबल्यावरच मोजतात, सतत मोजत नाहीत, म्हणजे तुम्ही स्क्रू फिरवताय आणि समोर आकडा बदलताना दिसतोय असं होत नाही.

पण अदलाबदल करायला स्क्रीन भारी आहे. तोच अ‍ॅटोमायझर दुसऱ्या मॉडवर लावा. तिथेही नाचला तर दोष अ‍ॅटोमायझरचा. तिथे गप्प बसला तर पहिल्या मॉडवर दुसरा एखादा अ‍ॅटोमायझर लावून बघा, तोही नाचला तर मॉडची ५१० पिन बघायची: त्यात ज्यूस (व्हेपचं लिक्विड) साचलाय का, स्प्रिंग दाबल्यावर परत वर येते का. बॅटरी काढून, कानकाडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पिन आणि आटे पुसा, नीट सुकू द्या. मॉडमध्ये दोष वाटला तर नवा घ्यायच्या आधी हे कराच, कारण खूपदा तेवढ्यावर भागतं. आणि अ‍ॅटोमायझर जोर लावून आवळू नका, बसला की थांबा, जास्त आवळल्याने मधली पिन आत दबते आणि मग प्रत्येक टाकीला वेगळं रीडिंग यायला लागतं.

ओम मीटर

हा म्हणजे वर ५१० असलेला छोटा डबा, काहींवर (त्यांना टॅब म्हणतात) कॉइल तापवतापण येते. माझ्या मते रीडिंग नाचण्याच्या तक्रारीवर सगळ्यात कामाचा हाच, आणि कारण एकच, हा सतत मोजतो. अ‍ॅटोमायझर त्याच्यावर ठेवा, टोपी काढा आणि एकेका जागेला हात लावत जा. लाकडी काडीने लेग हळूच ढकला, आकडा हलला तर त्या पोस्टचा स्क्रू. पोस्टच पकडून हलवा, हलला तर पोस्टखालचा स्क्रू किंवा इन्सुलेटर (पोस्ट डेकपासून वेगळी ठेवणारा तुकडा). पूर्ण अ‍ॅटोमायझर जरासा डावीउजवीकडे करा, हलला तर ५१० चा सांधा. दोन मिनिटांत कळतं, जे मॉडवर लावा-काढा करत तासभर कळत नाही.

स्क्रूचं म्हणाल तर काही गोष्टी इथेच दिसतात. चपट्या डोक्याच्या स्क्रूखाली वायर स्क्रू फिरतो त्या दिशेनेच गुंडाळायची, नाहीतर आवळताना ती बाहेर ढकलली जाते. टोकदार ग्रब (बिनडोक्याचा) स्क्रू बारीक वायर अर्धी कापून ठेवतो, वरून घट्ट दिसतं आणि आतून एका धाग्यावर लटकलेलं असतं. क्लॅप्टन किंवा तत्सम गुंडाळलेली वायर असेल तर बऱ्याचदा स्क्रूखाली वरचं बारीक वेटोळंच दाबलं जातं आणि आतला मुख्य गाभा सैल राहतो, तिथे वरची वायर टोकाशी थोडी सोडवून गाभा सरळ पकडीत दिला की रीडिंग एकदम शांत होतं. आणि नवी कॉइल दोन-तीन वेळा तापून गार झाली की स्क्रू परत एकदा आवळायचे, गार असतानाच, कारण तापण्या-आकसण्यात पकड ढिली होते.

कमी म्हणायचं तर एवढंच की ह्याचीपण ५१० मळते, तीही पुसावी लागते. आणि ह्याच्यावरचा आकडा मॉडपेक्षा ०.०१-०.०२ वेगळा आला तर घाबरू नका, दोघांच्या आतल्या वायरी वेगळ्या आहेत. डीएनए नावाचा कंट्रोल बोर्ड असलेल्या मॉडमध्ये तर मॉडचा स्वतःचा रेझिस्टन्स भरायची सेटिंग असते, तो वजा करून मग कॉइलचा दाखवतात.

मल्टिमीटर

घरात असेल तर वापरा, पण कॉइलचा आकडा वाचायला विकत आणू नका. साध्या मल्टिमीटरची सगळ्यात खालची रेंज २०० ओमची असते आणि दाखवतो ०.१ पर्यंत, त्यात त्याच्या दोन लीडचाच रेझिस्टन्स ०.१ ते ०.३ येतो. म्हणजे ०.३ ची कॉइल ०.५ दिसते आणि प्रोब किती दाबून धरलाय त्यावर परत बदलते. लीड एकमेकांना लावून आलेला आकडा वजा करता येतो, तरी ०.०२ चा फरक पकडणं त्याच्याकडून होत नाही.

पण एक काम तो करतो जे बाकी दोघांना जमत नाही. कॉइल पूर्ण काढा, एक प्रोब मधल्या पिनवर आणि दुसरा बाहेरच्या आट्यांवर. काहीही लागायला नको, सर्किट उघडं दिसलं पाहिजे. काही ओम दाखवला तर इन्सुलेटर जळलाय, चिरलाय किंवा आत ओलावा आणि मळ आहे. मग एक प्रोब पिनवर आणि दुसरा पॉझिटिव्ह पोस्टवर, इथे लीडएवढाच आकडा यायला हवा आणि पोस्ट हलवली तरी तसाच राहायला हवा. माझी ती लूज पिन ह्या एका चाचणीत पहिल्याच दिवशी सापडली असती.

मग तुम्ही काय घ्यायचं

कॅन्थल किंवा निक्रोमची वायर, वॅटेज मोड (ठरवलेले वॅट देणारा), साधा रेग्युलेटेड मॉड (पॉवर चिप सांभाळते असा): तुमचं मॉडच्या स्क्रीनवर भागतं. ०.३५ ची कॉइल ०.३७ दिसली तर ५० वॅटला मॉड ४.१८ ऐवजी ४.३० व्होल्ट देतो, चवीत काही कळत नाही. मात्र तो जास्तीचा ०.०२ सैल सांध्यातला असेल तर जवळपास पावणेतीन वॅट त्या स्क्रूपाशी उष्णता होऊन जातात, पोस्ट तापते आणि हळूहळू इन्सुलेटर मऊ पडतो, त्यामुळे चव ठीक आहे म्हणून महिनोन्महिने ढकलत राहू नका.

स्टेनलेस स्टीलची वायर आणि टेम्परेचर कंट्रोल (मॉड कॉइलचं तापमान मर्यादेत ठेवतो तो मोड): ओम मीटर घ्या, इथे माझ्या मनात शंका नाही. एसएस ३१६ एल चा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.०९ टक्के वाढतो आणि मॉड तापमान ओळखतो ते फक्त ह्या वाढीवरून. ०.३५ ची कॉइल २२० अंशांना जेमतेम ०.४१ होते, म्हणजे २०० अंशांचा सगळा खेळ ०.०६ ओममध्ये बसलाय. त्यात सांधा ०.०२ ने हलला तर मॉडला कॉइल साठेक अंश जास्त तापलीये असं वाटतं आणि तो पॉवर कापतो, वाफच येत नाही. उलटं जास्त वाईट. कॉइल गरम असताना मॉडने विचारलेल्या ‘न्यू कॉइल’ ला हो म्हटलं आणि ०.३५ ऐवजी ०.३७ लॉक झालं (गार कॉइलचा मूळ आकडा म्हणून धरलं गेलं) तर तुम्ही लावलेले २२० अंश प्रत्यक्षात २९० च्या वर जातात आणि कापूस करपतो. म्हणून कॉइल खोलीच्या तापमानाला आली की मगच लॉक करायची, टाकी भरल्यावर दहा मिनिटं थांबा. 

मेकॅनिकल मॉड (बॅटरी थेट कॉइलला जोडणारा, चिप नसलेला): तिथे स्क्रीन नाही, संरक्षण नाही, त्यामुळे ओम मीटर नसेल तर मेकॅनिकल मॉड वापरूच नका, हे मी मनापासून सांगतोय. भरलेला सेल ४.२ व्होल्ट, कॉइल ०.२ असेल तर २१ अँपिअर, आणि लेग शिवून तीच ०.१२ झाली तर ३५. मॉडमध्ये घालतात ते बरेच १८६५० आकाराचे सेल सतत २० अँपिअरच्या आसपासचेच असतात. मेकॅनिकलवर जाणाऱ्या अ‍ॅटोमायझरचं रीडिंग खाली-वर होत असेल तर ते स्थिर होईपर्यंत तो त्याच्यावर लावायचाच नाही, आणि हायब्रिड टोपी (पिन थेट बॅटरीला टेकते अशी) असेल तर ५१० ची पिन आट्यांच्या पुढे स्पष्ट आलेली आहे ना ते दर वेळी बघायचं.

राहिला प्रश्न आहे तो अ‍ॅटोमायझर दुरुस्त करायचा का नवा घ्यायचा. स्क्रूचे आटे गेले असतील तर आधी नवे स्क्रू घालून बघा, बरेचदा पोस्टचे आटे शाबूत असतात. पोस्टचेच आटे गेले किंवा इन्सुलेटर वितळला आणि त्याचा सुटा भाग मिळत नसेल, तर तो डेक बाजूला ठेवा, कितीही चांगली वायर लावली तरी त्यावर रीडिंग टिकणार नाही.