मुलीच्या हातून वर्षश्राद्ध: ज्ञान प्रबोधिनीची पौरोहित्य सेवा

आम्हाला दोन्ही मुलीच. यांचं वर्षश्राद्ध थोरलीने करायचं असं आम्ही ठरवलं, तेव्हा नेहमीचे गुरुजी म्हणाले, "पुतण्याला बसवा, मुलीला अधिकार नाही." आजारपणात जिने वडिलांचं सगळं केलं, तिलाच अधिकार नाही? मला ते अजिबात पटलं नाही. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी या संस्थेच्या संत्रिका (संस्कृत-संस्कृती-संशोधिका) विभागाकडून पुरोहित मिळतात, त्यांना बोलावलं.

आल्या त्या एक बाई होत्या. सुती साडी, स्वच्छ उच्चार, कुठेही घाई नाही. आधी सगळ्यांच्या हातात पोथी दिली. मंत्र आणि त्याचा मराठी अर्थ. एकट्या पुरोहिताने म्हणायचं आणि बाकीच्यांनी स्वयंपाकघरात गप्पा मारायच्या, असा प्रकार नाही. सगळ्यांनी मिळून म्हणायचं. थोरलीने ओंजळीतून तीळ-पाणी सोडलं. ज्यांना पाणी द्यायला मागे कोणीच उरलं नाही, त्यांच्याही नावाने तर्पण असतं, हे मला त्या दिवशी अर्थ ऐकताना कळलं. इतकी वर्षं हेच शब्द नुसते कानावर पडत होते.

धाकटी देव मानत नाही. तिने आधीच विचारून घेतलं, "मी मंत्र म्हटले नाहीत तर चालेल ना?" बाई म्हणाल्या, "अर्थ वाच, पटेल तेवढंच म्हण." तिने कृतज्ञतेच्या ओळी मोठ्याने म्हटल्या, बाकी ठिकाणी गप्प राहिली. माझ्या श्रद्धाळू जाऊबाई शेजारीच बसल्या होत्या. कोणालाच खोटं वागावं लागलं नाही, आणि मला या सेवेचं सर्वात मोठं मोल तिथे वाटतं.

आम्ही मूळचे कोल्हापूरचे. १८९९ साली पंचगंगेवर शाहू महाराजांसाठी वेदोक्त, म्हणजे वेदांतले, मंत्र म्हणायला पुरोहिताने ते क्षत्रिय नाहीत असं सांगून नकार दिला, ती हकीगत सासरे नेहमी सांगत. जो अधिकार छत्रपतींनाही भांडून मिळवावा लागला, तो प्रबोधिनीत पौरोहित्य शिकणाऱ्या कुणालाही मिळतो. पुरुषच हवा, अमुक जातीचाच हवा, अशी अट नाही. प्रत्येक गावात अशी सोय व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

पिंडदानासकट सगळा जुना विधी हवा असेल, तर आधी फोनवर नीट बोलून घ्या. मंत्रांचा अर्थ सांगत विधी होतो, म्हणून वेळ हाताशी ठेवा आणि वडीलधाऱ्यांसाठी खुर्च्या मांडा. पितृपक्षात पुरोहित हवे असतील तर खूप आधी कळवा.