ह्यूस्टन की लाँग आयलंड?

भाचीची अमेरिकेतली रेसिडेन्सी (डॉक्टरचं विशेष प्रशिक्षण) संपत आलीय. प्रसूतिशास्त्रात दोन ऑफर हातात, एक टेक्ससमधल्या ह्यूस्टनची, एक न्यूयॉर्क राज्यातल्या लाँग आयलंडची; आणि घोडं अडलंय मालप्रॅक्टिस विम्यावर, म्हणजे उपचारात चूक झाल्याचा दावा आला तर डॉक्टरच्या वतीने भरपाई देणाऱ्या विम्यावर.

हप्त्यात ह्यूस्टन सरळ जिंकतं. टेक्ससने 2003 मध्ये वेदना-यातनांच्या भरपाईवर डॉक्टरपुरती 2,50,000 डॉलरची मर्यादा घातली; त्यानंतर हप्ते उतरले. लाँग आयलंडचा प्रसूतितज्ज्ञांचा विमा देशातल्या सर्वांत महागांपैकी.

पेशंटच्या बाजूने पाहिलं की चित्र फिरतं. टेक्ससमध्ये बुडालेल्या कमाईवर मर्यादा नाही, म्हणजे फटका कुणाला? ज्यांची कमाईच नाही त्यांना: गृहिणी, मुलं, निवृत्त माणसं. वर ती मर्यादेची रक्कम महागाईनुसार वाढतही नाही. मला हे पटत नाही. न्यूयॉर्कमध्ये अशी मर्यादा नाही. जन्मावेळी बाळाच्या मेंदूला इजा झाली, तर खटल्यानंतर पुढचा उपचारखर्च 2011 पासूनचा राज्यनिधी उचलू शकतो. मात्र मृत्यू झाल्यास नातेवाइकांच्या दुःखाची भरपाई तिथला कायदा देत नाही.

स्वतःचा दवाखाना काढायचा असेल तर टेक्सस. हॉस्पिटलची पगारी नोकरी असेल तर हप्ता बहुधा तेच भरतं, मग त्यापायी न्यूयॉर्क सोडू नये. फक्त नोकरी सोडल्यावरच्या ‘टेल’ विम्याचे (आधीच्या उपचारांवर नंतर येणारे दावे सांभाळणारा विमा) पैसे कोण देणार, हे करारात लिहून घे गं बाई.