सामानाचा ट्रॅकर टॅग, आठ महिन्यांनंतर: बॅग पुण्याला जाऊन आली

गेल्या आठवड्यात टॅगची बॅटरी संपली. नवी घातली तर तो चालूच होईना. हेल्पलाइनवर चाळीस मिनिटं घालवल्यावर ठरवलं, की हा अनुभव आता लिहूनच टाकायचा. टॅग म्हणजे सामान कुठे आहे ते फोनवरच्या नकाशात ठिपक्याने दाखवणारी छोटी चकती, तो मी दिवाळीत घेतला. तो कसा जोडायचा, ॲपमध्ये काय दिसतं, हे बहुतेकांना माहीत आहे, म्हणून त्यात जात नाही. ब्रँडही लिहीत नाही, कारण नाव घेतलं की वस्तू बाजूला राहते आणि ब्रँडवरूनच वाद सुरू होतो.

माझी पहिली आणि आजही सगळ्यात मोठी तक्रार ही, की या टॅगला भोक नाही. दहा रुपयांच्या किल्लीच्या बिल्ल्यालाही भोक असतं. साडेतीन हजारांच्या आसपासची, सामानाला लावायची म्हणून विकली जाणारी वस्तू गुळगुळीत गोल बनवायची आणि ती अडकवायला होल्डर वेगळा विकत घ्यायला लावायचा, हे मला पटत नाही. कंपनीचा होल्डर परवडला नाही असं नाही, पण मन घेईना. चेंबूर स्टेशनबाहेरून १४० रुपयांचा सिलिकॉनचा घेतला. डिसेंबरात तारकर्लीहून परतले तेव्हा त्याची पट्टी अर्धी फाटली होती आणि टॅग जेमतेम लटकत होता. अजून एक गचका बसला असता तर टॅग कुठेतरी रस्त्यावर आणि बॅग बिनटॅगची.

मग आईने मोडक्या छत्रीच्या कापडाचा एक छोटा खिसा बॅगेच्या आत, तळाच्या अस्तराला शिवून दिला. कापडातून रेडिओलहरी सहज जातात, त्यामुळे टॅगला काही फरक पडला नाही. त्या दिवशी मला वाटलं, प्रश्न कायमचा सुटला.

फेब्रुवारीत अंदमानला, हॅवलॉकला म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, पाच दिवस डायव्हिंगला गेले. बॅगेत सगळं माझं स्वतःचं सामान. रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडाशी आणणारं यंत्र), खोली आणि वेळ दाखवणारा डाईव्ह कॉम्प्युटर, पायातले फिन्स, ३ मिमी जाडीचा वेटसूट (पाण्यात घालायचा रबरी पोशाख) आणि चष्म्याच्या नंबराच्या काचा बसवलेला मास्क. भाड्याच्या मास्कने मला मासे नाही, रंगांचे डाग दिसतात. शिवाय लॉगबुक. हल्ली सगळे ॲपवर नोंदी करतात, मी कागदावर करते. २०१७ मधल्या तारकर्लीच्या पहिल्या डाईव्हपासून प्रत्येकाची खोली, मिनिटं, टाकीतल्या हवेचा सुरुवातीचा आणि शेवटचा दाब बारमध्ये, खाली बडीची, म्हणजे जोडीदार डायव्हरची, सही. एका पानावर मालवणच्या होडीवाल्याने पेनाने काढलेलं कासव आहे. रेग्युलेटर महाग असला तरी पैसे जमवून पुन्हा घेता येतो. ते कासव पुन्हा कुठून आणणार?

चेक-इन सामानात टॅग चालतो का, हे बरेच जण विचारतात. चालतो. आतल्या नाण्याएवढ्या सीआर २०३२ सेलमध्ये लिथियम एक ग्रॅमच्या दहाव्या हिश्शाइतकं असतं, ते मर्यादेच्या बरंच आत आहे. टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र केबिनमध्येच न्यायच्या. आणि पाण्याखाली टॅगचा काहीही उपयोग नाही. ब्लूटूथच्या लहरी पाण्यात जवळजवळ लगेच विरतात. होडीवर बॅग ठेवून खाली गेलात तर वर येईपर्यंत ती तुमच्या फोनला दिसत नाही, इतकंच समजायचं.

अनेक दिवस डाईव्ह केल्यावर विमानात बसायच्या आधी किमान १८ तास पाण्याबाहेर राहावं लागतं. शेवटचा दिवस त्यामुळे सामान गोड्या पाण्यात धुऊन वाळवण्यात गेला. बॅग व्यवस्थित भरली. टॅग खिशात तळाला, त्याच्यावर घडी केलेला वेटसूट. ही घडी लक्षात ठेवा.

मुंबईत विमानतळाच्या टी-२ टर्मिनलला उतरले तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. एकटीसाठी पूर्ण टॅक्सी करायची नाही, ही माझी सवय. पुण्याला जाणारी शेअर गाडी चेंबूरवरूनच जाते, म्हणून तिच्यात एक सीट घेतली. बाकी सगळं एकच कुटुंब होतं, दुबईहून आलेलं, सामान भरपूर. माझी काळी बॅग डिकीत सगळ्यात खाली गेली. मैत्री पार्कला उतरले, ड्रायव्हर घाईत होता, मागे बस हॉर्न देत होती. पाठीवर सॅक, हातात छोटी ट्रॉली. लिफ्टमध्ये शिरल्यावर लक्षात आलं, की तिसरा हात मोकळा असायला नको होता. धावत खाली आले तोवर गाडी गेलेली. ॲप उघडलं तर ठिपका मानखुर्दला.

पुढची चाळीस मिनिटं मी फक्त फोन केले. बुकिंगच्या मेसेजमधला ड्रायव्हरचा नंबर हा खरा नंबर नसतोच, तो मधल्या यंत्रणेचा असतो आणि प्रवास संपला की बंद होतो. गाडीच्या कंपनीच्या नंबरवरच्या माणसाने तीन वेळा एकच वाक्य ऐकवलं: "मॅडम, सामानाची जबाबदारी प्रवाशाची." जबाबदारी माझी हे मान्य, पण गाडी तुमची आहे आणि ती आत्ता माझ्या बॅगेसकट पुण्याला चालली आहे, तर ड्रायव्हरला एक फोन करायला काय हरकत होती? सकाळी कळवतो म्हणाले. एअरलाइनला फोन करण्यात अर्थ नव्हता. सामान हरवल्याचा पीआयआर अर्ज बेल्टवर बॅग आलीच नाही तर असतो. बेल्टवरून तुम्ही उचललीत की त्यांचा संबंध संपला. पोलिसांच्या संकेतस्थळावर हरवल्याची नोंद केली, तेवढी एक पावती हातात आली.

मग उरला फक्त ठिपका. रात्री पावणेदोनला कळंबोली. दोन वीसला खालापूरचा फूड मॉल. नंतर पाऊण तास काहीच नाही. टॅगमध्ये सिम नसतं, जीपीएसही नसतं. जवळून जाणारा त्या जाळ्यातला एखादा फोन त्याची हाक ऐकतो आणि तो कुठे आहे ते कळवतो. गाडीतल्या लोकांचे फोन त्या जाळ्यातले नसावेत. त्यामुळे जिथे गाड्या थांबतात तिथेच ठिपका हलत होता. घाटात, बोगद्यांत, वेगात कोणी ऐकणारं नव्हतं. हे सगळं आज शांतपणे लिहिता येतं. त्या रात्री मी अंथरुणावर बसून खोपोलीच्या पलीकडच्या कोऱ्या नकाशाकडे बघत होते. सव्वातीनला उर्से टोलनाका उमटला तेव्हा मला रडू आलं. चारच्या सुमारास ठिपका कोथरूडला थांबला, तो हललाच नाही.

सकाळी मैत्री पार्कहूनच शिवनेरी पकडली, पुणे स्टेशनवरून मेट्रोने आयडियल कॉलनी. वाटेत ड्रायव्हरचा स्वतःहून फोन आला. झोपेतून उठल्यावर कंपनीचा निरोप बघून त्याने केला होता. "ताई, कोथरूडला आठ बॅगा उतरवल्या, मला वाटलं सगळ्या त्यांच्याच." इमारतीचं नावही त्यानेच सांगितलं. ठिपका मला रस्त्यापर्यंत नेत होता, दारापर्यंत नाही. सात मजली इमारतीत बॅग कितव्या मजल्यावर आहे हे नकाशा सांगत नाही, आणि जवळ गेल्यावर बाण दाखवायची सोय माझ्या जुन्या फोनात नाही.

तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं ते एका काकांनी, आणि ते घाबरलेले होते. हे मला आधी कळलंच नव्हतं. सकाळी त्यांच्या सुनेच्या फोनवर सूचना आली होती, की एक अनोळखी ट्रॅकर तुमच्यासोबत प्रवास करतोय. अँड्रॉइड फोनवरही २०२३ पासून अशी सूचना येते, कोणी कुणाच्या नकळत पाळत ठेवू नये म्हणून. त्या कुटुंबाला वाटलं, विमानतळापासून कोणीतरी आपल्या मागावर आहे. त्यांनी पर्सा झटकल्या, मुलांचे खिसे तपासले. फोन टॅगला टेकवला असता तर माझा नंबर दिसला असता, मी ॲपमध्ये लॉस्ट मोड, म्हणजे टॅग हरवल्याची खूण, लावला होता. पण टेकवायला टॅग सापडायला हवा. तो तर माझ्या हुशारीने अस्तरात शिवलेला.

मी दारातूनच टॅग वाजवला. आवाज मुळातच बारीक, त्यावर वेटसूटची घडी. मला अंदाजाने ऐकू आला. काकांना अजिबात नाही. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीतले आवाज ऐकू यायचे कमी होतात, आणि हा टॅग नेमका त्याच पट्टीत वाजतो. तेवढ्यात आतून पाच-सहा वर्षांची नात म्हणाली, "आजोबा, काळ्या बॅगेत चिमणी आहे." ती थेट हॉलच्या कोपऱ्यातल्या बॅगांकडे गेली आणि माझ्या बॅगेवर हात ठेवून उभी राहिली.

"पण तुमचीच कशावरून?" काकांनी विचारलं. बरोबरच होतं त्यांचं. मी म्हटलं, आत निळं लॉगबुक आहे, पहिल्या पानावर तारकर्ली, खोली ९ मीटर, २८ मिनिटं. त्यांनी स्वतः बॅग उघडली, चष्मा लावून पहिलं पान वाचलं. मग दुसरं वाचलं. मग खुर्चीवर बसून वाचायलाच लागले. बार म्हणजे काय, एवढ्या खाली श्वास कसा घेता, सगळं विचारलं. कासव बघून नातीला बोलावलं. चहा घेतल्याशिवाय त्यांनी मला जाऊ दिलं नाही. सकाळपासून त्यांना माझ्या बॅगेने घाबरवलं होतं, याचं मला फार वाईट वाटलं आणि मी तसं सांगितलंही.

तर मत बदललं का? थोडं. डिसेंबरात मी लिहिलं असतं, की खिसा शिवा, होल्डरचे पैसे वाचवा. आज सांगेन, की खिसा शिवा, पण तळाला नको. वरच्या झाकणाच्या आत, चेनजवळ, जिथे आवाज बाहेर येईल आणि अनोळखी माणसाला हाताला लागेल. त्या कुटुंबाला फोनवर सूचना आली, ही टॅगची खोड आहे असं मला पुण्याहून येताना वाटत होतं. आता वाटत नाही. एकटीने फिरणाऱ्या बाईला तीच सूचना उद्या वाचवू शकते. भोकाबद्दल मात्र मत तेच आहे. भोक असतं तर टॅग बाहेर, डोळ्यांसमोर बांधला असता आणि काकांच्या घरची सकाळ नीट गेली असती. पाचपैकी साडेतीन तारे. एक कापला तो भोकासाठी, अर्धा आवाजासाठी.

बॅटरीचं सांगायचं राहिलं. वर्षभर चालते म्हणतात, माझी साडेसात महिने चालली. नवी ब्रँडेड घातली तर टॅग मेल्यासारखा. हेल्पलाइनचं उत्तर, सर्व्हिस सेंटरला आणा. स्टेशनसमोरच्या घड्याळवाल्याने सेल हातात घेऊन लगेच सांगितलं, की याला कडू लेप आहे. लहान मुलांनी तोंडात घातला तर थुंकावा म्हणून काही कंपन्या तो लावतात. काही टॅगमध्ये तो लेप नेमका संपर्काच्या जागी येतो आणि वीज पोचत नाही. चाळीस रुपयांचा साधा सेल, लगेच चालू. घरात लहान मूल असेल तर लेपवालाच बरा, मग तो चालेल असा टॅग बघून घ्या.

बॅग सध्या माळ्यावर आहे. पावसाळ्यात तारकर्लीचं डायव्हिंग बंद, ऑक्टोबरात सुरू होईल. लॉगबुक यापुढे खांद्यावरच्या पिशवीतच राहील. बॅगेच्या बाहेरच्या बाजूला आई पिवळ्या कापडाची पट्टी लावतेय आणि तिच्यावर काळ्या दोऱ्याने माझा नंबर भरतेय. शेवटचे दोन आकडे राहिलेत.