आंबोलीतली बेडकांची रात्रफेरी: वाटाड्या उत्तम, गर्दी जास्त

कोल्हापूरकरांची आंबोली म्हणजे धबधबा, भजी आणि परत. यंदा मुलीच्या हट्टापायी जूनमध्ये, पाऊस नुकताच लागला असताना, एका घरगुती मुक्कामाला राहिलो आणि त्यांची बेडूक बघायची रात्रफेरी घेतली.

वाटाड्या गावातलाच पोरगा. निघण्याआधीच बजावलं, "काका, हात कुणी लावायचा नाही. आणि पाय बघून टाका." दुसऱ्या वाक्याचा अर्थ सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, गेल्यावर कळला. जांभ्या कातळावर बोटभर पाणी साचलेलं आणि त्यात पिटुकले भेक (खरखरीत कातडीचे बेडूकच), कुशीला वाघासारखे पिवळे पट्टे. हा आंबोली भेक. २००९ साली शास्त्रज्ञांनी नवी जात म्हणून त्याचं वर्णन केलं आणि तो सापडतो तो एवढ्या आंबोली परिसरातच. त्याचा एकच भाऊबंद, तो तिकडे कोयनेला. अंडी घालायची ती या उथळ डबक्यांत, म्हणजे पावसाने दडी मारली की पिल्लं वाळलीच. वर आमच्यासारख्यांच्या गाड्यांची चाकं. अतिसंकटग्रस्त यादीत आहे, यात नवल नाही.

मलबारी उडत्या बेडकाचं तसं नाही. तो महाराष्ट्रापासून केरळपर्यंत पसरलाय. एरवी झाडांच्या शेंड्यांत राहणारा हा गडी वीण करायला खाली येतो. मुक्कामाच्या मागे पाण्याची जुनी टाकी आहे, तिच्यावर वाकलेल्या फांदीला फेसाचा गोळा लटकत होता. आत अंडी, पिल्लं थेट टाकीत टपकणार. मालकीणबाई ती टाकी पावसाळाभर घासत नाहीत, याचे माझ्याकडून जादा गुण.

तक्रार एकच, पण मोठी. एका वाटाड्यामागे इतकी माणसं नकोत. मागच्यांना काही ऐकू येत नव्हतं. एका कॅमेरेवाल्याने 'जरा पानावर ठेवा ना त्याला' म्हटलं. पोराने सरळ नकार दिला, तरी तो कुरकुरत राहिला. अशांना फेरीआधीच नियम सांगून सही घ्या. आणि गट अर्धा करा. पैसे वाढवलेत तरी चालेल, मी देईन.

जेवण साधं, गरम. खोलीत ओल आहे, कपडे वाळत नाहीत, जादा जोड न्या. गमबूट तिथे मिळतात, पण लहान मुलांच्या मापाचे नाहीत.