सहा नोडच्या क्लस्टरवर अल्मालिनक्स ९: आठ महिन्यांचा अनुभव

महापे एमआयडीसीतला गाळा, एक हेड नोड (सगळ्यांना चालवणारं मुख्य यंत्र), सहा कॉम्प्युट नोड (गणना करणारी यंत्रं). प्रत्येकात दोन झिऑन ई५-२६७० व्ही२, म्हणजे २० कोअर, आणि ६४ जीबी रॅम. यंत्रं सगळी सेकंडहँड. काम मुख्यतः ओपनफोमचं (प्रवाहांची गणितं सोडवणारं सॉफ्टवेअर), जॉब नोडवर लावायला स्लर्म.

आधीच्या लिनक्सचा, सेंटओएस ७ चा, आधार ३० जून २०२४ ला संपला, त्यामुळे बदल अटळच होता. निवड खरं तर प्रोसेसरनेच केली. रेड हॅट ९ च्या घराण्याला (अल्मा, रॉकी त्यातलेच) एक्स८६-६४-व्ही२, म्हणजे प्रोसेसरच्या सूचनांची जुनी पातळी, पुरतं. १० ला व्ही३ लागतं, म्हणजे प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स२ सूचना हवं. ई५ व्ही२ मध्ये ते नाही. अल्मा १० ची व्ही२ साठी वेगळी बांधणी मिळते, पण बाहेरची तयार पॅकेजं बहुधा व्ही३ धरूनच येतात. जुनी यंत्रं घेण्याआधी लिनक्सच्या सीपीयूइन्फो फाइलमध्ये एव्हीएक्स२ आहे का ते बघाच. रॉकी आणि अल्मा यांत रोजच्या वापरात फरक जाणवत नाही. अल्माने ९.४ पासून काही जुन्या रेड (RAID, अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या) कार्डांचे ड्रायव्हर परत चालू केले, म्हणून पारडं तिकडे झुकलं. सुरक्षा दुरुस्त्या २०३२ पर्यंत मिळतील.

नोडवर डिस्क नाही. वेअरवुल्फ ४ हे सॉफ्टवेअर हेड नोडकडून नेटवर्कवरून इमेज, म्हणजे ओएसची तयार प्रत, चढवतं. हा निर्णय ओएसच्या निवडीइतकाच मोलाचा ठरला. इमेज एकदा दुरुस्त केली की सहाही नोड रीबूटनंतर सारखे. पण इमेज रॅममध्येच राहते, आणि स्लर्मची 'स्लर्मडी -सी' ही आज्ञा मात्र पूर्ण रॅम दाखवते. तोच आकडा स्लर्मच्या रिअलमेमरी सेटिंगमध्ये टाकला तर मोठा जॉब नोडची रॅम संपवतो आणि कर्नल प्रोसेस मारतं. दोन जीबीची इमेज असेल तर ५८,००० एमबीच्या वर जाऊ नये. उलट, आकडा खऱ्या रॅमपेक्षा जास्त लिहिला तर 'लो रिअलमेमरी' म्हणत नोड ड्रेनमध्ये जातो, म्हणजे नवे जॉब घेत नाही.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो घड्याळाने. जुन्या बोर्डावरचा सीआर२०३२ सेल मेलेला असतो. वीज गेली, यूपीएसही संपला, की बोर्डाची वेळ कुठल्या कुठे जाते. स्लर्मसाठी यंत्रांची ओळख पटवणाऱ्या मंज सेवेचं प्रमाणपत्र डीफॉल्टने ३०० सेकंद चालतं. नोडचं घड्याळ त्याहून जास्त चुकलं की 'एक्स्पायर्ड' किंवा 'रीवाउंड क्रेडेन्शियल' येतं आणि नोड डाउन दिसतो. माणूस मंजची किल्लीच तपासत बसतो, आणि किल्ली तर बरोबर असते. उपाय तीन. सेल बदला, तो अगदी स्वस्त असतो. हेड नोडच्या क्रोनीत (घड्याळ जुळवणारी सेवा) 'लोकल स्ट्रॅटम १०' आणि आतल्या नेटवर्कसाठी 'अलाउ' लिहा, म्हणजे इंटरनेट नसलं तरी नोडना वेळ मिळते. आणि इमेजमध्ये क्रोनी-वेट सेवा चालू करा, म्हणजे घड्याळ जुळेपर्यंत मंज थांबतं.

वीज परत आली की सगळी यंत्रं एकदम उठू देऊ नका. हेड नोड तयार नसताना नोड पीएक्सईने (नेटवर्कवरून बूट) इमेज मागतात आणि कंटाळून थांबतात. बायोसमध्ये नोडना वीज आल्यावर बंदच राहू द्या. हेड नोड उठला की आयपीएमआयने (दूरून यंत्र चालू-बंद करायची सोय) एकेक चालू करा.

फायरवॉलडी या फायरवॉलचं एक सांगायला हवं. स्लर्मचे ६८१७ आणि ६८१८ पोर्ट उघडूनही एसरन (जॉब चालवायची आज्ञा) अडकतो, कारण तो स्वतःकडे परतीच्या जोडण्यांसाठी कुठलेही पोर्ट घेतो. स्लर्ममध्ये एसरनपोर्टरेंज ठरवून तेवढेच उघडा, किंवा आतलं नेटवर्क कार्ड ट्रस्टेड (सगळं येऊ देणाऱ्या) झोनमध्ये टाका. आतला स्विच बाहेरच्या नेटवर्कला जोडलेला नसेल तर दुसरा मार्ग सोपा आणि पुरेसा आहे.

जीपीयू लावायचे असतील तर उबुंटू २२.०४ सोयीचं पडतं, पण आपोआप होणारे अपडेट पहिल्याच दिवशी बंद करा. एनव्हिडियाची लायब्ररी बदलली आणि कर्नलमधला ड्रायव्हर जुनाच राहिला, की रीबूट होईपर्यंत एनव्हिडिया-एसएमआय 'ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच' देत राहतं.